शेवटचा मीटर : फोन, लॅपटॉप आणि स्टुडिओचे स्पीकर

स्टुडिओतले पॉवर्ड, म्हणजे ॲम्प्लिफायर पोटातच असलेले, स्पीकर घरी गाणी ऐकायला आणायचे असं ज्यांच्या मनात असेल, त्यांनी आधी त्या स्पीकरची पाठ बघावी. पुढून तो चारचौघांसारखाच दिसतो. खाली वूफर, वर ट्विटर, कोपऱ्यात एक बारीक दिवा. मागे मात्र घरगुती म्हणावं असं काहीच नसतं. लाल-पांढरी आरसीए सॉकेटं नाहीत, ब्लूटूथ नाही, यूएसबी नाही, रिमोट तर नाहीच. तीन पिनांचं एक कॅनन सॉकेट, जाड जॅकचं एक पी-३८ सॉकेट, आवाजाचा नॉब, दोन-तीन बारीक स्विच आणि जाडजूड पॉवर कॉर्ड. शिवाय हे सगळं दोनदा, कारण डाव्याचा उजव्याशी काही संबंध नसतो. प्रत्येकाचा प्लग वेगळा, नॉब वेगळा.

माझी जोडी जुनी. घरातला छोटा स्टुडिओ मोडणाऱ्या एका तरुण संगीतकाराकडून घेतली. पाच इंची वूफर, एक इंची ट्विटर. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या वर्गातल्या बहुतेक स्पीकरांची पाठ थोड्याफार फरकाने अशीच असते आणि पुढे जे सांगतोय ते कुठल्याही जोडीला लागू पडेल. प्रत्येक डब्यात दोन ॲम्प्लिफायर असतात, एक वूफरचा, एक ट्विटरचा. खालचे आणि वरचे सूर वेगळे करायचं काम ॲम्प्लिफायरच्या आधीच उरकलेलं असतं. त्यामुळे वेगळा ॲम्प्लिफायर शोधा, तो स्पीकरला झेपेल का बघा, ही भानगडच राहत नाही. मला तेच हवं होतं. यामाहाचा एनएस-१० हा पांढऱ्या कोनचा स्पीकर १९७८ साली घरगुती म्हणून बाजारात आला आणि जगभरच्या स्टुडिओंत जाऊन बसला. माझ्या जोडीने उलटा प्रवास केला, एवढंच.

जोडायच्या होत्या चार गोष्टी : फोन, लॅपटॉप, टीव्ही आणि एक जुना सीडी प्लेअर. चारही डिजिटल. आणि खरं सांगायचं तर डिजिटल भागाने मला कुठेच त्रास दिला नाही. फाइली होत्या, ॲप होतं, इंटरनेट होतं. सगळी खटपट होती ती डिजिटल संपतं तिथून स्पीकर सुरू होतो तिथपर्यंतच्या शेवटच्या मीटरभर तारेची. ती तार अजून पन्नास वर्षांपूर्वीचेच नियम पाळते.

त्याचा पहिला नमुना स्पीकरांबरोबर आलेल्या पिशवीतच होता. त्यात एका टोकाला हेडफोनचा बारीक जॅक आणि दुसऱ्या टोकाला जाड जॅक अशी एक तार होती. आपल्याकडे दुकानात बारीक जॅकला ईपी म्हणतात आणि जाडाला पी-३८. दोन्ही टोकं स्टिरिओ, म्हणजे जॅकवर दोन काळ्या रेघा. फोनमधून ती एका स्पीकरला लावली आणि एक सिनेमाचं गाणं सुरू केलं. व्हायोलिनं आली, कोरस आला, गाणं सुरू व्हायच्या जागी मात्र गायिका आलीच नाही. दूर कुठेतरी तिच्या आवाजाचा घुमारा तेवढा ऐकू येत होता, जसं काही ती शेजारच्या बिल्डिंगमध्ये गातेय. मग बालगंधर्वांची एक जुनी ध्वनिमुद्रिका लावली. तिथे तर गाणंच गेलं, फक्त तबकडीची खरखर उरली. आणि ती मात्र अगदी स्वच्छ.

माझा भाचा मंडप-साउंडच्या धंद्यात आहे. लग्नं, गणपती, व्याख्यानमाला. त्याला फोन केला तर तो माझं वर्णन पुरं व्हायच्या आधीच हसायला लागला.

"मामा, तार ईपी स्टिरिओ टू पी-३८ स्टिरिओ आहे ना? मग गायिका जाणारच. स्पीकर बॅलन्स्ड इनपुटवाला आहे. तो दोन तारांमधला फरक घेतो."

याचा उलगडा असा. फोनच्या जॅकच्या टोकावर डावा आवाज असतो, मधल्या कड्यावर उजवा, आणि मागची बाही जमिनीची, म्हणजे ग्राउंड. स्टुडिओच्या स्पीकरचं पी-३८ सॉकेटही दिसायला तसंच, तीन भागांचं. पण त्याला डावं-उजवं माहीतच नसतं. टोकावर सिग्नल सरळ येणार, कड्यावर तोच सिग्नल उलटा येणार असं तो गृहीत धरतो आणि एकातून दुसरा वजा करतो. मी त्याला डाव्यातून उजवा वजा करायला दिला होता. स्टिरिओ गाण्यात गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा ठेवलेला असतो, म्हणून वजाबाकीत तो शून्य होतो. ७८ आरपीएमच्या मोनो तबकडीत तर सगळंच दोन्हीकडे सारखं. स्टिरिओ पिकअपने, म्हणजे डावं-उजवं वेगळं टिपणाऱ्या सुईने, त्या तबकडीची फाइल बनवली असेल तर खरखर तेवढी दोन्हीकडे वेगवेगळी पडते, म्हणून तीच वाचली.

उपाय सोपा होता. एक ईपी स्टिरिओ आणि त्यातून निघणारे दोन पी-३८ मोनो, एक डाव्या स्पीकरला, एक उजव्याला. मोनो जॅक स्टिरिओ सॉकेटमध्ये गेला की कड्याची जागा आपोआप ग्राउंडला टेकते आणि स्पीकर एकाच तारेवर समाधान मानतो. एकच स्पीकर वापरायचा असेल तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये मोनो ऑडिओ असा पर्याय असतो, तो चालू करावा. डावं-उजवं तारेने एकत्र पिळून मोनो करू नये. दोन आउटपुट एकमेकांवर जोर लावत बसतात.

तारा करून घ्यायला बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात तयार तार मिळत नसेल तर करून मिळते ती इथे. काउंटरवर डबे भरून कनेक्टर, मागे स्टुलावर बसून डाग देणारा एक मुलगा. मी सांगायला लागलो की बॅलन्स्ड, अनबॅलन्स्ड वगैरे, तर दुकानदारांनी थांबवलं. "कुठून कुठे जायचंय ते सांगा. बाकी आमचं काम." हा प्रश्न मला फार आवडला. घरी चार कागद रंगवून गेलो होतो, त्यांची गरजच पडली नाही. कॅनन लावायची असेल तर पिन १ शील्डला, म्हणजे तारेभोवतीच्या धातूच्या आवरणाला, २ सरळ सिग्नलला, ३ उलट्या सिग्नलला, हा जगभरचा नियम. आणि अनबॅलन्स्ड उपकरणातून आणायचं असेल तर १ आणि ३ एकत्र. तो मुलगा हे न बघता करत होता. सोन्याचा मुलामा दिलेल्या, सापाएवढ्या जाड तारा त्याच दुकानात काचेमागे होत्या. त्या कोण घेतं, विचारलं. "ज्यांना विचारायचं नसतं ते," दुकानदार म्हणाले.

आता फोन. माझ्या फोनला हेडफोनचं भोकच नाही, त्यामुळे टाइप-सीचा डाँगल आला. बाजारात हे डाँगल दोन जातींचे असतात आणि पाकिटावर सहसा धड लिहिलेलं नसतं. एकात आकड्यांचा आवाज करणारी चिप, म्हणजे डॅक, डाँगलमध्येच असते. दुसरा नुसता वायरींचा जोड असतो, ॲनालॉग आवाज फोनने बाहेर दिला तरच तो चालतो, आणि पुष्कळ फोन तसा देत नाहीत. दुकानात फोन नेऊन, लावून, गाणं वाजवून मगच घ्यावा. घरातून जुना डाँगल सापडला म्हणून खूश होऊ नये.

दुसरी अडचण आवाजाच्या पातळीची. घरगुती उपकरणांची सरासरी पातळी उणे १० डीबीव्ही, म्हणजे साधारण ०.३२ व्होल्ट, व्यावसायिक उपकरणांची अधिक ४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट. जवळपास चौपट. काही स्पीकरांच्या पाठीवर या दोहोंमधला स्विचच असतो. तो व्यावसायिक बाजूला असेल तर फोनचा आवाज शेवटपर्यंत वाढवूनही गाणं बिचकतच बाहेर येतं. उणे १० वर टाकला की एकदम अंगावर येतं. बरं, फोनचा आवाज पूर्ण ठेवला, हे तांत्रिकदृष्ट्या योग्य. पण मग भैरवी चाललेली असताना व्हॉट्सॲपचा टिंगही तेवढ्याच पूर्ण ताकदीने येतो. स्टुडिओचे स्पीकर या बाबतीत निर्दय आहेत. एका रविवारी सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरची चर्चा पेटली आणि आमच्याकडे मारव्याचे तुकडे-तुकडे झाले. तेव्हापासून ऐकताना फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर.

लॅपटॉपने वेगळंच नाटक केलं. त्याच तारेने जोडला तर गाण्याच्या मागे एक सलग घूंऽऽ, आणि माऊस हलवला की त्यावर किर्र किर्र. चार्जर काढला की दोन्ही गायब. चार्जर लावला की परत हजर. ही परीक्षा प्रत्येकाने करून बघावी, कारण अर्धं निदान त्यातच होतं. लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर भिंतीतल्या अर्थिंगला जोडलेला, स्पीकरही तीन पिनांचे, तेही अर्थिंगला जोडलेले. आणि आवाजाच्या तारेचं शील्ड या दोघांना तिसऱ्या वाटेने जोडतं. तारांचं एक कडं तयार होतं. त्या कड्यातून आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा आणि तिच्या पटींचा थोडासा प्रवाह फिरत राहतो, लॅपटॉपच्या आतली कुरकूर त्याच्याबरोबर येते, आणि अनबॅलन्स्ड तारेत शील्ड हाच सिग्नलचाही अर्धा रस्ता असल्यामुळे हे सगळं गाण्यात मिसळतं.

शेजारच्या काकांनी लगेच उपाय सांगितला : "अर्थची जाड पिन काढून टाका, आम्ही टेपरेकॉर्डरला असंच करायचो." घूं बंद होते, हे खरं. पण धातूच्या पाठीच्या स्पीकरात आत कुठे वायर सुटली तर ती पाठ जिवंत होते आणि अर्थची पिन नसेल तर वीज जाण्याचा रस्ता म्हणजे हात लावणारा माणूस. हे करू नये. कोणी कितीही वर्षं केलेलं असो.

वायरमनला बोलावलं. त्याने मल्टिमीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, पण फेज आणि अर्थमध्ये आकडा नाचत होता. बोर्ड उघडला तर अर्थची हिरवी वायर स्क्रूखाली नव्हतीच, मागे नुसती गुंडाळून ठेवलेली. बिल्डिंग जुनी आहे. किती वर्षं ती तशी होती कोण जाणे. फ्रिजला हात लावल्यावर पावसाळ्यात येणाऱ्या झिणझिण्यांचाही त्याच दिवशी खुलासा झाला. गाण्याच्या नादाने घरातलं अर्थिंग दुरुस्त झालं, हा या सगळ्या खटाटोपातला माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा. मग दोन्ही स्पीकर आणि लॅपटॉप एकाच बोर्डावरून, एकाच एक्स्टेंशनवर घेतले. कडं लहान झालं, घूं बरीच उतरली. पूर्ण गेली नाही.

ती घालवली मिक्सरने. भाच्यानेच सुचवलं. "मामा, चार वस्तू आणि दोन स्पीकर, मधे कोणीतरी हवा ना वाटप करायला? छोटा मिक्सर घ्या, यूएसबीवाला." स्वयंपाकघरातल्यापासून वेगळा ओळखू यावा म्हणून बायकोने त्याला 'गाण्याचा मिक्सर' हे नाव दिलं. टेबलावर वहीएवढी जागा घेतो. लॅपटॉप त्याला यूएसबीने जोडला, म्हणजे लॅपटॉपमधून आता आवाज बाहेर पडतच नाही, नुसते आकडे पडतात आणि ते आवाजात बदलण्याचं काम मिक्सर करतो. मिक्सरला स्वतःचा ॲडॉप्टर आहे, तो लॅपटॉपच्या विजेवर जगत नाही. फोनची तार स्टिरिओ चॅनलमध्ये, सीडी प्लेअर आरसीएच्या भोकांत. आणि मिक्सरमधून स्पीकरपर्यंत पहिल्यांदाच खऱ्या बॅलन्स्ड तारा गेल्या, कॅनन टू कॅनन. इथे ती वजाबाकी कामाला येते. वाटेत जी घूं दोन्ही तारांवर सारखी चढते, ती स्पीकर वजा करून टाकतो. सिनेमातली गायिका ज्या हिशेबाने नाहीशी झाली होती, त्याच हिशेबाने आता घूं नाहीशी झाली. कान स्पीकरला टेकवला तरी नाही.

कान टेकवल्यावर एक बारीक सूं मात्र ऐकू येते. ती वेगळी. स्पीकरचा नॉब पूर्ण बंद केला तरी ती तशीच राहिली, म्हणजे ती त्याच्याच ॲम्प्लिफायरची, तिच्यावर इलाज नाही आणि चार फुटांवरून ती कळतही नाही. नॉबबरोबर वाढणारी सूं असेल तर मात्र ती आधीच्या कुठल्या तरी टप्प्याची असते. मी आधी मिक्सरच्या फेडरला, म्हणजे आवाजाच्या सरकत्या दांडीला, त्याच्या शून्याच्या खुणेवर आणलं, दिवे हिरवे राहतील आणि लाल फक्त कधीतरी चमकेल इतपत सिग्नल घेतला, आणि मगच स्पीकरांचे नॉब हळूहळू वर नेले, खोलीला पुरेल तिथे थांबवले. उलट केलं, म्हणजे स्पीकर पूर्ण उघडे आणि मिक्सर मुळाशी, तर सूं मोठी आणि फेडरच्या पहिल्या अर्ध्या सेंटिमीटरात सगळा आवाज. सीडी प्लेअर सगळ्यांत जोरकस, त्याचा आवाज वर जातो तेव्हा दोन व्होल्टपर्यंत पोचतो. फोनचा डाँगल त्याच्या निम्माच. मिक्सरवर प्रत्येकाचा वेगळा नॉब असल्यामुळे एकदा बरोबरी करून ठेवली की गाणं बदलताना दचकायला होत नाही.

दोन्ही स्पीकर सारखे वाजतात का, हे तपासायला मी तानपुऱ्याचं ॲप लावतो. आवाज सलग असतो, मोनो करता येतो आणि कानाला सवयीचा असतो. दोन्ही नॉब नीट जुळले की तानपुरा दोन स्पीकरांच्या बरोबर मधे, रिकाम्या हवेत उभा राहतो. आमच्याकडे तो मधे उभाच राहीना. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, डोक्याच्या मागे कुठेतरी पसरलेला, आणि खर्ज पातळ. मल्टिमीटरने तारा तपासल्या तर एका कॅननमध्ये २ आणि ३ ची अदलाबदल झालेली. एक स्पीकर पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता. पुन्हा तपकीर गल्ली. मुलाने जीभ चावली, मिनिटभरात डाग बदलून दिला आणि पैसे घेतले नाहीत. तार कितीही विश्वासाच्या दुकानातून आणलेली असो, घरी आल्यावर पिन ते पिन मोजून घ्यावी.

टीव्हीचं प्रकरण प्रकाशाने सुटलं, शब्दशः. टीव्हीला केबलवाल्याची जाड तार येते, ती आपल्याबरोबर स्वतःचं अर्थिंग घेऊन येते आणि हेडफोनच्या भोकातून जोडलं की घूं परत सुरू. पण बहुतेक टीव्हींच्या मागे ऑप्टिकल आउटपुट असतं. तोशिबाने १९८३ च्या सुमारास आणलेला हा जोड, त्यातून वीज जातच नाही, लाल प्रकाश जातो. वीजच नाही तर कडं कुठून होणार? ऑप्टिकल तार एका छोट्या डॅकला, डॅकमधून आरसीए ते पी-३८ मिक्सरला. आणि आवाज शून्य. याचं कारण टीव्हीच्या सेटिंगमध्ये होतं. टीव्ही ऑप्टिकलवर डॉल्बीचा गुंडाळलेला सिग्नल पाठवत होता, साध्या डॅकला तो उलगडता येत नाही. सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट 'पीसीएम', म्हणजे साधं, न गुंडाळलेलं, केलं की लगेच बातम्या सुरू झाल्या. हे कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. ऑप्टिकलवर गेल्यापासून आमच्या टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होत नाही, त्यामुळे मालिकेतली भांडणं टिपेला गेली की घरातलं कोणीतरी उठून मिक्सरपाशी जातं. व्यायाम होतो.

ब्लूटूथबद्दल फार लिहीत नाही. एक छोटा रिसीव्हर मिक्सरला लावून ठेवला आहे, पाहुण्यांच्या फोनसाठी आणि कांदा चिरताना ऐकायच्या गाण्यांसाठी. आवाज आक्रसतो म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण माझ्या कानाला सगळ्यात जाणवतं ते मागे पडणं. व्हिडिओ लावला की ओठ आधी हलतात, शब्द नंतर येतात. रियाजाला तानपुरा म्हणून चालेल, तबल्यावर हात चालवायचा असेल तर नाही.

इतकं होईपर्यंत मला वाटत होतं की काम संपलं, आणि भाचा म्हणत होता की आता सुरू झालं. कारण खोली. आमची ही खोली आठ फूट बाय अकरा. स्पीकर अकरा फुटी भिंतीवरच्या फळीवर ठेवले होते, समोरच्या भिंतीला टेकून दिवाण, त्यावर आम्ही. तबल्याचं एकल वादन लावलं. दायाँ अगदी काचेसारखा स्वच्छ. डग्ग्यावर तळहात दाबत काढलेली मींड मात्र एका विशिष्ट जागेवरून जाताना खोली एकदम फुगायची आणि पुढे सरकली की परत शांत. वादक तसं वाजवत नव्हता, खोली वाजवत होती. आठ फूट म्हणजे २.४४ मीटर, समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एवढं अंतर असलं की ७० हर्ट्झच्या आसपासचा सूर त्यांच्यात अडकून दुणावतो. गंमत म्हणजे काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झला येतो, म्हणजे पुरुष गायकांच्या कित्येक मैफली नेमक्या या फुगवट्यावरून जाणार. हा फुगवटा भिंतींपाशी सर्वांत जास्त असतो आणि बरोबर मध्यावर सर्वांत कमी. आमचे स्पीकर एका भिंतीला, आमची डोकी दुसऱ्या भिंतीला. याहून वाईट जागा शोधूनही सापडली नसती.

मग सगळं नव्वद अंशात फिरवलं. स्पीकर आठ फुटी भिंतीपुढे, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, आणि ऐकणाऱ्याची खुर्ची त्या मध्यरेषेवर. आता आठ फुटांचा सूर कानापाशी मरतो. अकरा फुटांच्या दिशेचा अडकणारा सूर ५१ हर्ट्झच्या जवळ आहे, आणि पाच इंची वूफर तिथपर्यंत जेमतेमच पोचतो, त्यामुळे तो फारसा छळत नाही. स्पीकर भिंतीपासून दीड हात पुढे ओढले, कारण त्यांची हवा सोडायची भोकं मागे आहेत. पाठीवरच्या त्या बारीक स्विचांचा उपयोग इथे कळला : खालचे सूर दोन डेसिबलने उतरवणारा स्विच लावला आणि डग्गा जमिनीवर आला. ट्विटर कानाच्या उंचीला यावा म्हणून खाली सिमेंटचे ब्लॉक आणि त्यावर रबराचा तुकडा. बायकोने वर हातमागाचं कापड टाकलं. दिसायला बरं दिसतं.

खोली फिरवल्यानंतर जे ऐकू आलं, त्यासाठी हे सगळं केलं होतं. आकाशवाणीची 'रागम' ही शास्त्रीय संगीताची चोवीस तासांची वाहिनी २०१६ साली सुरू झाली. फोनवरच्या ॲपवर ती लागते. एरवी मी ती फोनच्याच स्पीकरवर ऐकायचो. आता तानपुऱ्याच्या चार तारा वेगवेगळ्या मोजता येतात, जवारीतून सुटणारे वरचे सूर कुठे उगवतात आणि कुठे विरतात ते कळतं, गायक सम घेण्याआधी श्वास घेतो तो ऐकू येतो. मागच्या रांगेतल्या श्रोत्याचा खोकलाही येतो, आणि तो डावीकडून येतो. दुसरी बाजूही सांगायला हवी. हे स्पीकर चुका शोधायला बनवलेले असतात. यूट्यूबवर कुणीतरी कॅसेटवरून, त्यातही दुसऱ्या-तिसऱ्या कॉपीवरून चढवलेल्या माझ्या लाडक्या मैफली आता ऐकवत नाहीत. घासलेल्या, किनऱ्या, मधेच पाण्यात बुडून वर आलेल्या. त्या अजून फोनवरच ऐकतो. तिथे त्या छान लागतात.

सीडी की स्ट्रीमिंग, आवाजाची मोजणी सेकंदाला ४४.१ हजार वेळा की १९२ हजार वेळा, हा वाद मी सध्या सोडून दिलाय. सीडी प्लेअरवरची सीडी आणि फोनवरून त्याच सीडीची बिनघटीची, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळलेली, फाइल, पातळी नीट जुळवून, बायकोला कुठली ते न सांगता लावायला सांगून ऐकली. मला ओळखता आली नाही. स्पीकर हातभर पुढे सरकवला तर तो फरक मात्र तिला दाराबाहेरून कळतो. महागड्या तारांसाठी राखून ठेवलेले पैसे मी त्यामुळे खिडकीच्या जाड पडद्याला वळते केले.

शेवटची व्यवस्था स्विचांची. साउंडवाल्यांचा नियम असा की चालू करताना स्पीकर सगळ्यात शेवटी, बंद करताना स्पीकर सगळ्यात आधी. मिक्सर सुरू किंवा बंद होताना जो झटका सोडतो, तो उघड्या स्पीकरने ऐकला की धप्प असा आवाज येतो आणि ट्विटरला तो सोसेलच असं नाही. माणसांनी हा नियम पाळला तरी वीजमंडळ पाळत नाही. आमच्याकडे दुरुस्तीच्या कामासाठी गुरुवारी लाइट जातात, आणि येतात तेव्हा सगळं एकदम येतं. म्हणून वायरमनकडून दोन्ही स्पीकरांना भिंतीवरचा एक वेगळा स्विच करून घेतला, अर्थिंगसकट. लाइट गेले की जो घरात असेल त्याने आधी तो स्विच बंद करायचा, फ्रिज आणि मोटर नंतर. स्विचवर लाल टिकली चिकटवली आहे. कामवाल्या मावशींनाही सांगितलंय, आणि हा नियम आमच्यापेक्षा त्याच जास्त पाळतात.